पहिले वर्ष बिघडल्यावर दंतवैद्यकाची वाट

वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे दंतवैद्यकाच्या प्रवेशाविषयी आहेत आणि तिन्हींमध्ये विद्यार्थ्याची सुरुवात फसलेली आहे. एक पत्र निफाड तालुक्यातून, एक सिडकोतून आणि एक नाशिकरोडहून आले आहे. नाशिकरोडच्या आजोबांचा नातू मात्र अमेरिकेत शिकतो, त्यामुळे त्याचे नियम अगदी वेगळे आहेत. पत्रे लांब होती. त्यांतला प्रश्नापुरता भाग येथे दिला आहे.

प्रश्न: सप्रेम नमस्कार. मी निफाड तालुक्यातून रोज एसटीने नाशिकला येते आणि बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मिळून ६१ टक्के होते. ‘नीट’ ही वैद्यकीय व दंतवैद्यकीय प्रवेशाची परीक्षा दिली होती, पण पात्रतेइतकेही गुण मिळाले नाहीत. वर्ष वाया जाऊ नये म्हणून बीएस्सीला प्रवेश घेतला आणि पहिल्याच सत्रात रसायनशास्त्रासह दोन विषय राहिले. माझ्या मामांचा दातांचा दवाखाना आहे. सुट्टीत तेथे रुग्णांची नावे लिहून घेण्याचे काम करत असे, तेव्हापासून मला याच क्षेत्रात यायचे आहे. बीएस्सीतले नापास विषय बीडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीच्या, प्रवेशाच्या आड येतील का? बीएस्सी सोडून नीटची तयारी करावी की दोन्ही सांभाळावे? आमची द्राक्षबाग आहे, गेल्या हंगामात अवकाळीने बरेच नुकसान झाले, त्यामुळे क्लासची आणि पुढे महाविद्यालयाची फी हाही प्रश्न आहेच. आम्ही इतर मागास वर्गात मोडतो. – एक विद्यार्थिनी, तालुका निफाड

उत्तर: पहिल्या शंकेचे निरसन आधी करतो. बीडीएसच्या प्रवेशाची गुणवत्ता यादी नीटच्या गुणांवर लागते आणि बारावीचे गुण केवळ पात्रता ठरवण्यापुरते पाहिले जातात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती व इतर मागास वर्गाला ४० टक्के लागतात. तुमचे ६१ टक्के आहेत, म्हणजे तो प्रश्न मिटला. बीएस्सीच्या गुणपत्रिकेला या यादीत स्थान नाही. नीटला सध्या वयाची वरची मर्यादा नाही आणि कितव्यांदा परीक्षा देत आहात हेही कोणी विचारत नाही; प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण असावीत एवढीच वयाची अट आहे.

तरीही ते दोन विषय का राहिले याचा छडा तुम्ही स्वतः लावायला हवा, कारण ज्या कारणाने ते राहिले ते कारण नीटच्या तयारीत आणि त्यानंतर बीडीएसच्या पहिल्या वर्षातही तुमच्याबरोबर येणार आहे. दंत महाविद्यालयात शिकवत असताना मी असे विद्यार्थी पाहिले आहेत, ज्यांनी नीटच्या गुणांच्या जोरावर प्रवेश मिळवला आणि मग पहिल्याच विद्यापीठ परीक्षेत तेच घडले जे आधीच्या महाविद्यालयात घडले होते. म्हणून एक काम करा. रसायनशास्त्राची ती प्रश्नपत्रिका समोर घेऊन बसा आणि प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे लिहा की हा भाग अकरावी-बारावीत कच्चा राहिला होता, की कळत होता पण इंग्रजीत मांडता आला नाही, की त्या दिवसांत तासालाच बसला नव्हता. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचा बराचसा भाग अकरावी-बारावीच्या पायावरच उभा असतो. अणुरचना, रासायनिक बंध, मोलची गणिते यांत गुण गेले असतील तर तो पाया पुन्हा घालावा लागेल, आणि नीटसाठीही नेमका तोच लागतो. आणखी एक कारण पुष्कळांच्या बाबतीत खरे असते, पण कोणी ते कबूल करत नाही. बीएस्सी ही नीट निघेपर्यंतची धर्मशाळा आहे असे मनाने ठरवले की ना बीएस्सीचा अभ्यास होतो ना नीटचा.

बीडीएसचे पहिले वर्ष कसे असते हे प्रवेशाआधी फारसे कोणी सांगत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता (इंटर्नशिप) असे बीडीएसचे स्वरूप आहे. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्र, आणि दातांची रचना व सूक्ष्मरचना हे मुख्य विषय असतात. उत्तीर्ण होण्यासाठी लेखी आणि प्रात्यक्षिक या दोन्हींत स्वतंत्रपणे ५० टक्के मिळवावे लागतात, त्यामुळे एकात भरपूर मिळवून दुसऱ्यातली तूट भरून काढता येत नाही. पाठांतर प्रचंड असते. पण खरी परीक्षा हाताची असते. मेणाचा एक आयताकृती ठोकळा देतात आणि त्यातून वरच्या जबड्यातला मधला पटाशीचा दात कोरायला सांगतात. आधी ठोकळ्याच्या बाजूंवर पेन्सिलीने दाताची बाह्यरेषा काढायची, मापे पट्टीने तपासायची, मग कोरणीने पापुद्रा-पापुद्रा काढत बाहेरच्या बाजूची हलकी गोलाई आणि आतल्या बाजूचा खोलगट भाग उतरवायचा. शेवटी घाई होऊन दाताच्या मानेजवळ एक काप जरा खोल गेला की काढलेले मेण परत चिकटवता येत नाही. नवा ठोकळा घेऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. बारावीला ९० टक्के मिळवलेली मुले येथे रडकुंडीला आलेली मी पाहिली आहेत, आणि जेमतेम गुणांची, पण घरी रांगोळी किंवा शिवणकाम करणारी मुलगी पहिल्या आठवड्यात सर्वांच्या पुढे गेलेलीही पाहिली आहे.

मामांच्या दवाखान्यात तुम्ही नावे लिहून घेत होता, हे चांगलेच आहे. आता पुन्हा गेलात तर वहीऐवजी खुर्चीकडे पाहा. दिवसभर मान वाकवून बसणे, गुटख्यामुळे ज्याचे तोंड दोन बोटांएवढेही उघडत नाही अशा रुग्णाच्या मागच्या दाढेपर्यंत पोहोचणे, दुखत नाही तोवर न येणारा आणि दुखू लागल्यावर एकाच बैठकीत सगळे आटपा म्हणणारा माणूस समजुतीने हाताळणे, हे सगळे जवळून पाहिल्यावरही ओढ टिकली तर ती खरी समजावी.

आता नीटविषयी. प्रश्नपत्रिकेत १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात. जीवशास्त्राचे ९० प्रश्न, तर भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ४५. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. मधली काही वर्षे असलेले पर्यायी प्रश्न २०२५ पासून काढून टाकण्यात आले आणि वेळ १८० मिनिटांचा झाला, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी एकच मिनिट. पहिल्या वेळी पात्रतेइतकेही गुण न मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत बहुधा एकच गोष्ट दिसते: येत नसलेले प्रश्नही ठोकून दिलेले असतात. समजा, एखाद्याची ११० उत्तरे बरोबर आहेत. त्याने १५० प्रश्न सोडवले असतील तर ४० चुकांचे ४० गुण वजा होऊन ४०० राहतात. त्यानेच सगळे १८० सोडवले आणि उरलेले तीसही चुकले तर ३७० राहतात. ज्ञान तेवढेच असताना तीस गुणांचा फरक पडतो आणि तीस गुणांत राज्याच्या यादीतला क्रमांक हजारोंनी सरकतो. जीवशास्त्राचे ३६० गुण म्हणजे निम्मी परीक्षा आहे, आणि गुण समान असतील तर आधी जीवशास्त्राचे गुण पाहून क्रम ठरवला जातो. तुमच्यासारख्या विद्यार्थिनीने पहिली पकड तेथेच घट्ट करावी असे माझे मत आहे. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तके ओळ न ओळ वाचल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही जाडजूड संचाला हात लावू नये. नीट मराठीतूनही देता येते आणि ही निवड अर्ज भरतानाच करावी लागते. परंतु बीडीएसचे शिक्षण इंग्रजीतून असते, त्यामुळे मराठीतून परीक्षा दिली तरी संज्ञा इंग्रजीत ओळखीच्या करून ठेवाव्यात.

पात्र ठरणे आणि प्रवेश मिळणे यांत फरक आहे. खुल्या प्रवर्गासाठी ५० आणि राखीव प्रवर्गांसाठी ४० पर्सेंटाइल ही पात्रतेची रेषा आहे; पर्सेंटाइल म्हणजे गुणांची टक्केवारी नव्हे, तर किती टक्के परीक्षार्थी तुमच्या मागे आहेत तो आकडा. ती ओलांडली की यादीत नाव येते, जागा मिळेलच असे नाही. खासगी दंत महाविद्यालयांत शेवटच्या फेऱ्यांपर्यंत जागा शिल्लक राहतात, हे खरे आहे. देशभरात जागा मोठ्या संख्येने रिकाम्या राहिल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये २०२०-२१ या वर्षापुरती बीडीएसची पात्रता १० पर्सेंटाइलने खाली आणण्याचा निर्णय दिला होता. पण असे काही यंदाही होईल या आशेवर तयारी ढिली ठेवणे म्हणजे अवकाळीच्या भरवशावर बाग लावण्यासारखे आहे.

बीएस्सी सोडावी का, या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे: आत्ता, वर्षाच्या मध्यात सोडू नये. पहिले वर्ष पूर्ण करा, राहिलेले दोन विषय काढा, आणि त्यानंतर फक्त नीटसाठी एक वर्ष घ्या. नव्या रचनेत मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट्स) अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात आणि ते सात वर्षांपर्यंत वापरता येतात, म्हणजे वर्षभराने पुन्हा पदवीकडे वळावे लागले तरी हातात काहीतरी राहते. याउलट, दोन विषय अडकलेले ठेवून बाहेर पडलात तर परतीची वाट अवघड होते आणि त्याची भीती वर्षभर अभ्यासाच्या टेबलावर बसून राहते. यंदाची नीट द्यायची असेल तर जरूर द्या, पण ती कोठे उभे आहोत हे कळण्यासाठी. तयारीचे वर्ष मात्र एकच. त्या वर्षानंतरही राज्याच्या यादीतला क्रमांक कोणत्याही महाविद्यालयाच्या आदल्या वर्षीच्या शेवटच्या प्रवेशाच्या जवळपास नसेल, तर पदवी पूर्ण करण्याचा निर्णय आजच घरच्यांशी बोलून ठरवून ठेवा. निकालाच्या दिवशी तो ठरवता येत नाही.

रोजच्या ये-जा करण्यात तुमचे किती तास जातात ते तुम्ही लिहिलेले नाही. तयारीच्या वर्षात कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडच्या महागड्या क्लाससाठी कर्ज काढण्यापेक्षा घरी राहून, आठवड्यातून एकदा नाशिकला सराव परीक्षेसाठी येणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. सराव परीक्षांच्या मालिका क्लासच्या पूर्ण फीच्या मानाने स्वस्त असतात आणि तुम्हाला सर्वांत जास्त गरज त्यांचीच आहे. भौतिकशास्त्र अजिबात उमगत नसेल तर त्या एका विषयापुरती शिकवणी लावावी.

फीच्या बाबतीत तुमच्या घरी अजून पोहोचलेली दिसत नाही अशी एक बातमी आहे. राज्य शासनाच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्काचा व परीक्षा शुल्काचा १०० टक्के लाभ मिळतो. हा लाभ केंद्रीभूत प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅपमधून घेतलेल्या प्रवेशालाच आहे. संस्था स्तरावरील कोट्यातून प्रवेश घेतला तर तो मिळत नाही. वसतिगृह, खानावळ, उपकरणे आणि पुस्तके यांचा खर्च यात येत नाही, आणि दंतवैद्यकात उपकरणांचा खर्च लहान नसतो, हे वडिलांना आधीच सांगून ठेवा. शासकीय दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत, मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालयही आहे. तेथील फी कमी, म्हणून तेथील यादी सर्वांत वर बंद होते. घराजवळ म्हणाल तर पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आणि संगमनेरला एसएमबीटी दंत महाविद्यालय आहे. ही दोन्ही खासगी असून प्रत्येक खासगी महाविद्यालयाची त्या वर्षीची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, ती पाहूनच पसंतीक्रम भरावा.

कागदपत्रांकडे आता वळा, निकालानंतर नव्हे. नीट दिली की राज्याच्या फेऱ्यांत आपोआप नाव जाते असा पुष्कळांचा समज असतो. राज्यातील ८५ टक्के जागांसाठी राज्याच्या प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्षाकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते, तर शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के अखिल भारतीय जागांची प्रक्रिया दिल्लीची समुपदेशन समिती वेगळी चालवते. अधिवास प्रमाणपत्र, नॉन क्रीमी लेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र यांपैकी शेवटच्याला सर्वांत जास्त वेळ लागतो. वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या कोणाचे वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत आजच मागून घ्या. बीएस्सीला प्रवेश घेतला असल्याने तुमचा मूळ दाखला त्या महाविद्यालयात जमा असेल, तो परत मिळायला काय लागते ते कार्यालयात विचारून ठेवा. आणि शिक्षणात पडलेल्या खंडाचे प्रतिज्ञापत्र करताना तहसीलजवळ बसणाऱ्या टंकलेखकाने छापील मजकुरात घातलेले, ‘या काळात मी कोठेही प्रवेश घेतला नव्हता,’ हे वाक्य न वाचता सही करू नका. तुम्ही प्रवेश घेतला होता, तसेच लिहा. त्याने प्रवेशाला बाधा येत नाही, खोट्या प्रतिज्ञापत्राने मात्र येते.

प्रश्न: माझ्या मुलाला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून ३०० पैकी १४१ गुण आहेत. आम्ही खुल्या प्रवर्गात आहोत. त्याने अभियांत्रिकी पदविकेला प्रवेश घेऊन वर्षभरात सोडले. आता नीटचा अभ्यास चांगला चालला आहे. एका गृहस्थांनी सांगितले की व्यवस्थापन कोट्यात बारावीची टक्केवारी पाहत नाहीत, आत्ता काही रक्कम भरली तर जागा राखून ठेवता येईल. हे खरे आहे का? – एक आई, सिडको

उत्तर: नाही. १४१ गुण म्हणजे ४७ टक्के, आणि खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, म्हणजे ३०० पैकी १५० गुण लागतात. नीटमध्ये मुलाने कितीही गुण मिळवले तरी ही अट सुटत नाही, आणि ती शासकीय, खासगी, संस्था स्तरावरील (म्हणजे व्यवस्थापन कोट्यातील) व अनिवासी भारतीय अशा सर्व जागांना लागू आहे. या सर्व जागांना नीटही लागते. त्यामुळे नीटच्या निकालाआधी आणि टक्केवारीशिवाय कोणी जागा राखून देत असेल तर तो अस्तित्वात नसलेली वस्तू विकत आहे. एक पैसाही देऊ नका, आणि दिला असेल तर त्यांच्याशी झालेले बोलणे व व्यवहाराच्या नोंदी जपून ठेवून पोलिसांत तक्रार करा.

मार्ग नऊ गुणांचा आहे आणि तो मंडळाकडूनच जातो. राज्य मंडळाची गुणसुधार योजना बारावी उत्तीर्ण झाल्यानंतरच्या लगतच्या मोजक्याच परीक्षांना उपलब्ध असते, म्हणून तुमच्या मुलाची संधी अजून शिल्लक आहे का हे त्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात किंवा मंडळाच्या नाशिक विभागीय कार्यालयात गुणपत्रिका घेऊन प्रत्यक्ष विचारा. संधी असेल तर त्याने यंदा नीटपेक्षा बारावीच्या लेखी परीक्षेला प्राधान्य द्यावे. बारावीचे प्रश्न उत्तरे लिहिण्याचे असतात, आणि केवळ पर्याय निवडण्याचा सराव केलेली मुले तेथे पुन्हा अडखळतात.

प्रश्न: मी करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झालो असून नाशिकरोडला राहतो. माझी मुलगी-जावई अमेरिकेत आहेत. नातू तिकडचाच नागरिक आहे, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) आहे. तो तेथे विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी घरापासून दूर गेल्यावर त्याचे अभ्यासाकडे दुर्लक्ष झाले आणि ४ पैकी २ जीपीए (श्रेणींची सरासरी) आला. आता त्याला दंतवैद्यकाला जायचे आहे. मुलगी विचारते आहे की त्याला तेथे आता संधी नसेल तर नाशिकला आणून बीडीएस करून घ्यावे का. – एक आजोबा, नाशिकरोड

उत्तर: येथे आणि तेथे नियम नेमके उलट आहेत. आपल्याकडे जुने गुण विसरले जातात आणि एका दिवसाची परीक्षा सगळे ठरवते. अमेरिकेत एक दिवस फार बिघडवू शकत नाही, पण जुने गुण कधीच पुसले जात नाहीत. तेथे दंतवैद्यकाला सहसा पदवीनंतर प्रवेश मिळतो आणि पुढे बहुतेक ठिकाणी चार वर्षांचा अभ्यासक्रम असतो. बहुसंख्य महाविद्यालयांचे अर्ज एकाच सामायिक प्रणालीतून जातात आणि त्या प्रणालीत विद्यार्थ्याने कोठेही घेतलेल्या प्रत्येक विषयाचे गुण मोजले जातात. नापास झालेला विषय पुन्हा दिला तर त्याच्या विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर कदाचित नवा गुण जुन्याची जागा घेईल, पण या अर्जात जुना आणि नवा असे दोन्ही धरले जातात. नातवाला हे बहुधा ठाऊक नसेल. त्याला आधी हेच कळवा, म्हणजे केवळ सरासरी सजवण्यासाठी जुने विषय पुन्हा देण्यात तो वेळ घालवणार नाही. जो विषय दंतवैद्यकासाठी अनिवार्य आहे आणि ज्यात सी पेक्षा कमी श्रेणी आहे, तो मात्र पुन्हा द्यावाच लागेल.

हिशेब मांडून पाहू. पहिल्या वर्षी ३० श्रेयांकांना २ जीपीए असेल आणि पुढच्या तीन वर्षांत ९० श्रेयांकांना त्याने ३.८ राखला, तर पदवी संपताना एकूण ३.३५ होतो. पदवीनंतर आणखी एक वर्ष, ३० श्रेयांकांचे विज्ञानाचे वरच्या पातळीचे विषय ३.९ ने पूर्ण केले तर ३.४६ पर्यंत जातो. आकडा हळू चढतो, कारण मागचे ओझे कायम असते. परंतु त्या अर्जात वर्षनिहाय सरासरी वेगळी दिसते, आणि जीवशास्त्र, रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र यांची सरासरीही वेगळी काढलेली असते. पहिल्या वर्षी २ आणि नंतर सलग तीन वर्षे ३.८ हा आलेख निवड समितीला जे सांगतो, ते चारही वर्षे ३.३५ असलेल्या विद्यार्थ्याच्या आलेखापेक्षा वेगळे असते. म्हणून दुसऱ्या वर्षात त्याने एकदम कठीण विषयांची गर्दी करू नये; झेपतील तेवढे घेऊन ते उत्तम करावेत, आणि तिसऱ्या वर्षी सेंद्रिय रसायन व जीवरसायन यांसारख्या विषयांत आपण ओझे पेलतो हे दाखवावे.

तेथील प्रवेश परीक्षेला डॅट म्हणतात. तिच्यात जीवशास्त्र, सामान्य व सेंद्रिय रसायन, आकृती व कोन ओळखण्याची क्षमता, उताऱ्यांचे आकलन आणि गणित असे भाग असतात, आणि मार्च २०२५ पासून तिचे गुण २०० ते ६०० या श्रेणीत दिले जातात. पहिले वर्ष बिघडलेल्या विद्यार्थ्याला या परीक्षेतले चांगले गुण फार उपयोगी पडतात, कारण ते अलीकडचे असतात. याशिवाय दंतवैद्यांच्या दवाखान्यात बसून काम पाहण्याचे तास, समाजसेवा आणि प्राध्यापकांची शिफारसपत्रे लागतात. पत्र देणारा प्राध्यापक त्याला चेहऱ्याने नव्हे तर कामाने ओळखणारा असावा, म्हणून त्याने आतापासून एखाद्या विज्ञान शिक्षकाच्या प्रयोगशाळेत नियमित जावे. अर्जातल्या निवेदनात पहिल्या वर्षाचा उल्लेख दोन-तीन वाक्यांत, कोणालाही दोष न देता आणि रडगाणे न गाता करावा: काय घडले, काय बदलले. अर्ज साधारण जूनच्या सुरुवातीपासून पाठवता येतात आणि पुष्कळ महाविद्यालये येतील तसे अर्ज विचारात घेतात. सरासरी कमी असलेल्याने तरी उशीर करू नये. एक वर्ष थांबून अधिक भक्कम अर्ज करणे हे घाईने अर्ज करून सगळीकडून नकार घेण्यापेक्षा चांगले.

नातवाला येथे आणण्याचा विचार मी तरी करणार नाही. ओसीआय कार्ड असलेल्यांना मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार साधारणपणे अनिवासी भारतीयांसाठीच्या जागांवर दावा करता येतो, आणि त्या जागांची फी बरीच जास्त असते. त्यालाही नीट द्यावीच लागेल. शिवाय त्याचे तेथील शालेय शिक्षण बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राशी समकक्ष असल्याचे भारतीय विश्वविद्यालय संघाकडून प्रमाणित करून घ्यावे लागेल. हे सगळे जमून पाच वर्षांनी तो बीडीएस झाला तरी अमेरिकेत व्यवसाय करायचा तर बहुतेक राज्यांत तेथील महाविद्यालयात पुन्हा दोन ते तीन वर्षांचा परदेशी दंतवैद्यांसाठीचा अभ्यासक्रम करावा लागतो, आणि त्या जागांसाठीची स्पर्धा पहिल्या प्रवेशापेक्षा सोपी नाही. त्याला नाशिकला आणायचेच असेल तर सुट्टीत आणा, आणि ओळखीच्या एखाद्या दंतवैद्यांकडे परवानगीने बसून काम पाहू द्या. अर्जासाठीचे तास मात्र त्याने मुख्यतः तेथील दवाखान्यांतच भरावेत, कारण शिफारसपत्रही तेथील दंतवैद्याचेच अधिक उपयोगी पडते.